चार कप्प्यांचं घर

त्या घरात उलटं फिरायला बंदी होती. पुढच्या दाराने आत आलेल्या माणसाने पुढच्याच दाराने बाहेर पडायचं नाही, हा आमच्या घरमालक सरांचा नियम. पुढचं दार, हॉल, मधली खोली, तिथून आतल्या जिन्याने वर आमच्या भाड्याच्या खोल्या आणि गच्ची. गच्चीवरून बाहेरच्या लोखंडी जिन्याने मागच्या व्हरांड्यात, तिथून स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाकघराच्या दाराने बोळातून रस्त्यावर. एकच दिशा. दूधवाला, गॅसवाला, भाडेकरू, पाहुणे, सगळ्यांना तेच. कंपनीचं ओळखपत्र उशीपाशी राहिलं आणि ते तुम्हाला स्वयंपाकघरात आठवलं, तर मागे वळायचं नाही. बोळातून बाहेर पडून, घराला वळसा घालून, पुन्हा हॉलमधून फेरी. तोवर हिंजवडीची बस कर्वे रस्त्यावरून निघून गेलेली असायची.

पहिल्यांदा अशी बस चुकली तेव्हा मी भांडायलाच उभा राहिलो. सर शांतपणे म्हणाले, "अहो वर्धा, झडपा असतात. हृदयात शिरलेलं रक्त आल्या वाटेने परत जातं का? जायला लागलं तर माणूस झोपतो. कायमचा."

ते भाडेकरूंना गावाच्या नावाने हाक मारायचे. मी वर्धा, माझा खोलीतला जोडीदार लातूर. आमची नावं त्यांना ठाऊक होती की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

हॉल म्हणजे हृदयाचा उजवा वरचा कप्पा, मधली खोली उजवा खालचा. आम्ही वर राहायचो ती फुप्फुसं, म्हणून खिडक्या बंद करायला मनाई, थंडीतसुद्धा. मागचा व्हरांडा डावा वरचा कप्पा आणि स्वयंपाकघर डावा खालचा. "सगळ्यात जाड भिंत त्या कप्प्याची," ते सांगायचे. "बाकीच्यांना शेजारीपाजारी पोचवायचं असतं. ह्याला टाळूपासून टाचेपर्यंत." यावर आतून काकूंचा आवाज यायचा, "भिंत जाड आहे म्हणून टिकल्ये या घरात."

काकू मात्र कुठूनही कुठेही जायच्या. स्वयंपाकघरातून थेट हॉलमध्ये, हॉलमधून परत. लातूरने एकदा विचारलं, काकूंना सूट आहे का? सर म्हणाले, तिलाच विचारा. काकू म्हणाल्या, "मी रक्त नाही, मालकीण आहे."

सर एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा ते निवृत्त झाले होते, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. बसून शिकवलेलं मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही. बसून काहीही केलेलं पाहिलं नाही. पेपर चालत वाचायचे, चहा चालत प्यायचे, फोनची वायर पुरेल तिथवर येरझारा घालत बोलायचे. त्यांच्याशी बोलायचं तर आपणही चालायला लागायचं. पहिल्या महिन्यात मला त्या घरात गरगरायचं. वर्ध्याला आमच्याकडे माणूस एकदा ओसरीवर टेकला की जेवायच्या हाकेलाच उठतो.

नमस्कार करण्याऐवजी ते समोरच्याचं मनगट धरायचे. आपला हात हातात, डोळे घड्याळावर, ओठ हलताहेत. बांगड्या भरायला बसल्यासारखं आपण मुकाट हात पुढे करून उभं राहायचं. मग निकाल. "आज घाबरलेले दिसता." आणि बहुतेक वेळा मी घाबरलेलाच असायचो. अमेरिकेत धंदा बसला होता आणि इथे आमच्या कंपनीने आम्हा बऱ्याच जणांना बेंचवर बसवलं होतं. बेंचवर म्हणजे पगार चालू, काम काही नाही, आणि कधी बोलावून घरी पाठवतील त्याचा नेम नाही. मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसने जायचो, दिवसभर कॉम्प्युटरसमोर कामात असल्याचा आव आणायचो, आणि संध्याकाळी छातीत धडधड घेऊन परत यायचो. घरी कळवलं नव्हतं. बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते माझ्या नोकरीचे.

सरांना ते मनगटावरून कळलं. मला कसं कळलं विचारू नका, म्हणाले, पण उद्यापासून कंपनीत तासातासाने उठायचं आणि टाचा वरखाली करायच्या.

"त्याने नोकरी टिकेल का सर?"

"नोकरीचं मला काय माहीत? पायातलं रक्त वर येईल. पोटऱ्या आवळल्या की शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं, झडपा त्याला खाली पडू देत नाहीत. तुम्ही दिवसभर बसता आणि ते बिचारं खाली तुंबून राहतं. थांबलं की साकळतं, वर्धा."

मी बारावीला जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. तेव्हा सगळेच सोडायचे, कॉम्प्युटरकडे जायचं म्हणजे बेडूक चिरत कोण बसणार? हे कळल्यावर ते भर रस्त्यात उभे राहिले. चालता माणूस उभा राहिला म्हणजे काहीतरी मोठं घडलं, असं समजायचं. "अहो, स्वतःच्या आत काय चाललंय तेच तुम्ही ऐच्छिक म्हणून सोडून दिलंत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुखावल्यासारखे वाटले. त्यांच्या शेवटच्या वर्षांत वर्ग निम्मे रिकामे असायचे, हे मला नंतर काकूंकडून समजलं.

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली, न मागता. कोथरूडच्या गल्ल्यांतून भरभर चालत. मुठीएवढा तो स्नायू, मिनिटभरात रक्ताला अख्खं अंग फिरवून आणतो. बाहेर नेणाऱ्या त्या रोहिण्या, परत आणणाऱ्या त्या शिरा, मधे केसाहून बारीक नळ्यांचं जाळं. "अशुद्ध रक्त" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "थकलेलं म्हणा. संध्याकाळी हिंजवडीहून तुम्ही येता तेव्हा अशुद्ध असता का?" आणि त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट ही, की हृदयात एवढं रक्त भरलेलं असतं, पण ते त्यातून आपली तहान भागवू शकत नाही. सगळं बाहेर सोडतं, आणि दाराबाहेरच्या पहिल्या दोन फाट्यांमधून आपला वाटा परत घेतं.

"म्हणजे पहिला वाटा स्वतःचाच," काकू म्हणाल्या. "तरीच. पुरुष दिसतंय."

मला तेव्हा त्यांचं हसू यायचं आणि कधी कधी चीडही. माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि हा माणूस मला झडपा शिकवतोय! पण चालून आलं की झोप लागायची, हे खरं. त्या दिवसांत झोप ही मोठी गोष्ट होती.

मग ती रविवारची सकाळ. सर भाजी घेऊन आले, पुढच्या दाराने अर्थातच. भाजी स्वयंपाकघरात जायची, म्हणजे जिना चढून, गच्चीवरून, लोखंडी जिन्याने उतरून. मी पेपर आणून त्यांच्यामागेच जिना चढत होतो. निम्म्या जिन्यावर ते थांबले. मला वाटलं काही सांगायचं असेल. पिशवी त्यांच्या हातातून सुटली आणि टोमॅटो टपटप माझ्या पायांवरून खाली गेले. कठडा धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती. मानेवरून घामाची धार.

"सर, खाली चला. बसा इथेच."

त्यांनी मान हलवली. "उलटं नाही."

"काहून असं करता सर? चला ना खाली!"

पण ते वर चढले. एकेक पायरी, मधे थांबत. मी मागून कमरेला हात लावून होतो, आणि माझ्या तोंडून काय काय निघत होतं मला आठवत नाही, वर्ध्याच्या बसस्टँडवरच्या शिव्याही निघाल्या असतील. गच्चीवर ऊन होतं. ते गच्ची ओलांडून लोखंडी जिन्याने उतरले आणि व्हरांड्यातून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वर पाहिलं, गॅस बंद केला, पिठाच्या हाताने त्यांना धरून जमिनीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "रिक्षा आण. आणि पुढच्या दाराने जा, जवळ पडतं."

त्या एका फेरीने त्यांचा जीव जाता जाता राहिला. तपासणीत निघालं की हृदयाला त्याचा स्वतःचा वाटा देणाऱ्या नळ्या तीन ठिकाणी बुजत आल्यात. बायपास करावी लागेल, आणि लवकर. पायातली शीर काढून ती अडथळ्याच्या पुढे जोडायची, म्हणजे रक्ताला दुसरा रस्ता.

सर नाही म्हणाले.

कारण विचारलं तर आणखीच कमाल. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी निघाले, आणि त्या डॉक्टरांनी अकरावीच्या परीक्षेत पायातल्या शिरेच्या झडपा उलट्या काढल्या होत्या. तोंडं खाली. "पायातली शीर जोडताना उलटी फिरवून जोडावी लागते, ठाऊक आहे ना? नाहीतर तिच्याच झडपा रक्ताला अडवतील. आणि हे काम मी कोणाला देऊ? ह्याला? ह्याला वर कुठलं नि खाली कुठलं ते कळत नव्हतं!"

"सर, तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल," मी म्हणालो.

"चूक पन्नाशीची होते म्हणून बरोबर ठरत नाही."

दिवस जात होते. त्यांना चालायला मनाई होती आणि ते चालत होते. हॉलमध्ये, हळूहळू, छातीवर हात ठेवून. आम्ही वर झोपायचो आणि खालची पावलं ऐकायचो. पावलं थांबली की लातूर आणि मी एकमेकांकडे बघायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू एकट्या कोणाकोणाला फोन करत होत्या, आणि प्रत्येक फोनला सर हॉलमधून ओरडायचे, "मी नाही म्हटलंय!"

शेवटी डॉक्टरच घरी आले. भली मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून, हॉल, मधली खोली, जिना, गच्ची, लोखंडी जिना, सगळं करून स्वयंपाकघरात पोचले. धाप लागली होती त्यांना. सरांनी आधी त्यांचं मनगट धरलं. मग रंगीत खडू हातात दिला आणि ओट्याच्या काळ्या कडप्प्याकडे बोट दाखवलं. "पायातली शीर. झडपांसकट."

इतका मोठा माणूस, दारात ताटकळणारे पेशंट असलेला. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि ओट्यावर शीर काढली. झडपांची तोंडं वर. शेजारी तीच शीर उलटी फिरवून काढली, आणि ती हृदयावर कुठे कशी जोडणार तेही. खडू खाली ठेवून विद्यार्थ्यासारखे उभे राहिले.

"बरोबर आहे," सर म्हणाले. आणि मग हळूच, "आणि हे सगळं जोडताना हृदय काय करत असतं?"

"थांबवतो सर. तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम मशीन करतं."

काकूंनी कढई खाली उतरवली. "हेच ते," त्या म्हणाल्या. "चित्राचं निमित्त आहे. थांबवणार म्हटल्यावर भ्यालेत ते."

मला वाटलं आता सर उसळणार. पण ते ओट्याला टेकले. "भ्यालोच आहे. आईच्या पोटात होतो तेव्हापासून चालू आहे ते. मी त्याला कधी चालू केलं नाही. मग बंद करायला परवानगी मी कुठल्या तोंडाने देऊ?"

डॉक्टरांनी हातावरचा खडू झटकला. मग म्हणाले, चालू हृदयावरही करता येतं. तसाच प्रयत्न करीन. मशीन मात्र बाजूला तयार ठेवावं लागेल.

"प्रयत्न नको. शब्द दे."

"ऑपरेशनमध्ये शब्द देता येत नाही सर."

"मग मी देते," काकू म्हणाल्या. "नाही थांबवणार. मी बाहेर बसलेली असेन ना. माझ्या शब्दावर जा तुम्ही आत."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी ओलं फडकं घेतलं आणि ओट्यावरचं चित्र पुसायला लागल्या, स्वयंपाक खोळंबला होता. दुसऱ्या दिवशी सर दाखल झाले.

मी बेंचवरच होतो, रजा मागावी लागली नाही. काकूंजवळ बसून राहिलो. मी बडबडत होतो. मला गप्प बसवत नव्हतं. दुपारी एक तरुण डॉक्टर टोपी-मास्कसकट बाहेर आले. रक्तदाब खाली जातोय, म्हणाले, चालू हृदयावर पुढे जाता येत नाही. मशीनवर घ्यावं लागेल, हृदय थांबवावं लागेल. सह्या आधीच झालेल्या होत्या, तरी सरांनी, म्हणजे आत असलेल्या डॉक्टरांनी, तुम्हाला सांगून यायला सांगितलंय.

काकू उभ्या राहिल्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो किती जड होता, हे मी कोणाला सांगू शकणार नाही.

"थांबवा," त्या म्हणाल्या.

तो डॉक्टर आत गेला. दार मिटलं. काकू तशाच उभ्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "आत्ता ते आहेत का रे?"

मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला मुलगा. सर असते तर त्यांनी सांगितलं असतं. मी म्हणालो, "आहेत काकू," आणि मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. दाराकडे बघत उभ्या राहिल्या, दार उघडेपर्यंत.

दार उघडलं तेव्हा मोठे डॉक्टर स्वतः आले होते. "चालू झालंय. छान चालू आहे."

काकू खाली बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सांगायचं नाही."

"काकू, पेशंटला सांगावं लागतं."

"विचारलं तर सांगा. तोंडावर खोटं बोला म्हणत नाही मी. नाही विचारलं तर आपण होऊन नका सांगू. शब्द मी दिलाय, डॉक्टर. मोडला तोही मीच."

सरांनी विचारलं नाही. पुढे घरी आले, छातीवरचा व्रण बरा झाला, पायावरचाही, आणि पुन्हा मनगटं धरायला लागले. भेटेल त्याला सांगायचे, "चालू हृदयावर केली माझी. एकदाही थांबू दिलं नाही." दूधवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. काकू आतून पोळ्या लाटत असायच्या.

माझी ती नोकरी गेली, दुसरी लागली. दिवस फिरले, हिंजवडीत टोलेजंग इमारती उठल्या, मी बाणेरला फ्लॅट घेतला. तिथून कंपनीत जायला पूर्वी कोथरूडहून लागायचा त्याहून जास्त वेळ आता लागतो. सरांकडे जाणं कमी झालं. जायचो तेव्हाही एक डोळा मोबाईलवर. काहीतरी सुटणार आहे, कोणीतरी बोलावणार आहे, असं सतत वाटत असतं मला, ते अजून जात नाही.

शेवटचा गेलो तेव्हा सर हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. बसलेले! मी हात पुढे केला. त्यांनी मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. स्वयंपाकघरात काकू चहा टाकत होत्या, भांड्यांचे आवाज येत होते. सर हळू आवाजात म्हणाले, "वर्धा, थांबवलं होतं ना?"

माझी नाडी त्यांच्या बोटांखाली होती, बोलायची गरजच नव्हती.

"मला ऑपरेशननंतरच्या पहिल्या तपासणीलाच कळलं. कसं वाटतंय सर, म्हणून विचारलं त्याने, आणि कान लाल. अकरावीतसुद्धा काही लपवलं की त्याचे कान लाल व्हायचे. मी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं त्याने. म्हणून विचारलं नाही."

"म्हणून?"

"मला कळलंय असं एकदा ठरलं की तिला कबूल करावं लागणार. शब्द मोडला म्हणून झुरेल ती. तिने थांबवा म्हटलं, म्हणून मी बसलोय इथे. पण हे तिला सांगायचं कसं? त्यापेक्षा मी सगळ्यांना सांगत फिरतो, थांबलं नव्हतं म्हणून. ऐकून तिला बरं वाटतं." त्यांनी माझं मनगट सोडलं. "तुम्ही बोलू नका हं."

काकू ट्रे घेऊन आल्या, उलट्या दिशेने, थेट. सरांनी आवाज चढवला. "काय सांगत होतो मी वर्ध्याला, एकदाही थांबलेलं नाही आपलं हृदय!"

"कुठलं थांबतंय," काकू म्हणाल्या. "जन्मात कधी स्वस्थ बसलंय का ते?" आणि कप त्यांच्या हातात नीट धरला जाईपर्यंत त्यांनी बशी सोडली नाही.